सह्या आधी, वर्तुळ नंतर

प्रभाकर परुळेकरांनी एकतीस वर्षांत न झालेल्या सभांची जितकी इतिवृत्तं लिहिली, तितक्या झालेल्या सभा संस्थेतल्या कुणीही आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. डोंबिवली पूर्वेच्या कै. धर्माबाबा विद्यामंदिराचे ते हेडक्लार्क. शाळेत पालक-शिक्षक संघ होता, माता-पालक संघ होता, परिवहन समिती होती, तक्रारपेटी समिती होती, आपत्ती व्यवस्थापन समिती होती. या सगळ्या समित्या दर महिन्याला न चुकता भरत, त्या परुळेकरांच्या टेबलावर, साधारण साडेतीन ते चार या वेळात, चहा येईपर्यंत.

पद्धत जुनी आणि सोयीची होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी काळुराम शिपाई वही घेऊन वर्गावर्गांतून फिरे आणि कोऱ्या पानाच्या तळाशी सगळ्यांच्या सह्या घेऊन येई. सह्या आधी, सभा नंतर, आणि बहुतेक वेळा नंतरही नाही. मग परुळेकर सह्यांच्या वर किती जागा उरली ते डोळ्यांनी मोजत आणि तेवढीच सभा लिहीत. जागा जास्त असली की सदस्य साधकबाधक चर्चा करत. जागा कमी असली की विषय सर्वानुमते मंजूर होई. या सभांत कधी कुणी भांडलं नाही, कुणी उशिरा आलं नाही, आणि अध्यक्षांचे आभार मानायला कुणी विसरलं नाही. माणसं इतकी समंजस फक्त कागदावरच असतात, असं परुळेकरांचं मत होतं. हाडामांसाच्या माणसांबद्दल त्यांचं मत याहून वाईट होतं, आणि त्या यादीत ते स्वतःचं नाव पहिल्या दहांत धरत.

अशा या सुखी शाळेत जून महिन्यात आघात आला.

आणला तो अध्यक्षांनी. गोपीनाथशेठ म्हणजे धर्माबाबांचे नातू. आजोबांनी भाताच्या खाचरांत शाळा काढली आणि नातवाने उरलेल्या खाचरांत सात-सात मजल्यांच्या इमारती. शेठ मनाने वाईट नव्हते. त्यांना ढालींचा नाद होता, इतकंच. स्वच्छ शाळेची ढाल, हरित शाळेची ढाल, जलसाक्षर शाळेची ढाल अशी त्यांच्या केबिनची एक भिंत भरली होती आणि कोपऱ्यात एका ढालीची जागा मोकळी होती. ती त्यांना दाताच्या फटीसारखी सलत असे. घोडबंदर रोडला कुणाच्या तरी सत्काराला गेलेले असताना शेजारच्या खुर्चीवर रचना मॅडम बसल्या होत्या. शाळांना संवेदनशील करून देणं हा त्यांचा व्यवसाय होता, आणि ठाण्यातली एक संस्था अशा संवेदनशील शाळेला दरवर्षी ढाल देते ही माहितीही त्यांनीच पुरवली. पुढच्या सोमवारी शाळा संवेदनशील व्हायला लागली.

तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. रचना मॅडम घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून रोज तासभर उशिरा येत आणि पुढचा अर्धा तास त्या ट्रॅफिकने आपल्या मनावर काय परिणाम केला ते सांगत. मग सगळ्यांना गोल बसवत. शाळेत बावीस शिक्षक होते, आणि पंधरा-वीस वर्षं एकत्र नोकरी करून त्यांनी एकमेकांची तोंडं इतका वेळ पाहिली नव्हती. पाहून कुणाला विशेष आनंद झाल्याचं दिसलं नाही.

शिकवण अशी होती की पोर चुकलं तर ‘असं का केलंस’ हे विचारायचं नाही, ‘तुझ्यासोबत काय झालं’ हे विचारायचं. शिक्षा द्यायची नाही, वर्तुळ भरवायचं. ज्याला इजा झाली तो, ज्याने केली तो, आणि बाकीचे असे सगळे गोल बसतील, बोलतील, आणि तुटलेलं नातं जोडतील. यात चुकीचं काही नव्हतं. परुळेकरांना आयुष्यात भेटलेल्या बहुतेक चांगल्या गोष्टी अशाच होत्या. शाळेच्या फाटकातून आत येईपर्यंत त्या ठणठणीत असत.

पीटीचे तानाजी सर साताऱ्याकडचे, सरळ माणूस. त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उशिरा आलेल्या एकाला कान धरून विचारलं, “तुझ्यासोबत काय झालं?” पोराने सांगितलं की कान दुखतोय.

वर्तुळात बोलण्यासाठी एक वस्तू लागते. ज्याच्या हातात ती, त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. रचना मॅडमनी त्यासाठी नदीतला गुळगुळीत दगड सुचवला. शेठ म्हणाले, पोरांच्या हातात दगड द्यायचा आणि वर त्यांना बोलूनपण द्यायचं, हे काय बरोबर नाय. मुख्याध्यापिका शीला मॅडमनी डस्टर सुचवलं, पण त्याची शाळेतली कीर्ती वेगळी होती. शेवटी पीटीच्या खोलीतली रिलेची बॅटन घ्यायचं ठरलं, लाल रंगाची, टोकाला टवका उडालेली. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, परुळेकरांनी नोंद केली: बॅटन, नग एक, संवादासाठी.

शिवाय एक आघात प्रश्नावली होती, मुलांच्या मनावर कशाकशाचे घाव आहेत ते विचारणारी. चौसष्ट प्रश्न, अकराशे मुलं. जुलैमध्ये प्रत्येकाकडून ती भरून घेतली. परुळेकरांनी अकराशे अर्जांना अनुक्रमांक घातले, गठ्ठे फडक्यात बांधले आणि तीन नंबरच्या कपाटात ठेवले. रचना मॅडम ‘डेटा आला ना?’ विचारून गेल्या. आला होता. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली परुळेकरांच्या जानव्याला.

ऑगस्टमध्ये आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम आली. मागच्या वर्षी घंटा वाजवल्यावर मुलं हसतखिदळत, चिक्की खात खाली आली होती आणि पाहणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला होता की गांभीर्य दिसत नाही. शीला मॅडम शेरा विसरणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी यंदा घंटेऐवजी स्फोटाचा आवाज करायचं ठरवलं आणि परुळेकरांना नोटीस काढायला सांगितली. परुळेकरांनी नोटीस काढली. कारकुनाला कधीकधी साहित्याची उबळ येते, तशी येऊन त्यांनी शेवटी एक वाक्य स्वतःच्या पदरचं घातलं: ‘आवाज शक्यतो वास्तववादी असावा.’

तानाजी सरांनी प्रयोगशाळेच्या मागे पत्र्याच्या पिंपात सुतळी बॉम्ब लावला. आवाज वास्तववादी झाला. मुलं ओरडत खाली धावली, साहेबांनी घड्याळ बघून मान डोलावली, आणि हजेरी घेतली तेव्हा नववी ब मधली सोनल कमी भरली.

सोनलचे वडील दोन वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत स्फोट झाला त्यात गेले होते. हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. परुळेकरांनी स्वतः मृत्यूच्या दाखल्याची प्रत फाईलला लावली होती आणि जनरल रजिस्टरला ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात सुबक अक्षरात ‘मयत’ असं लिहिलं होतं. सोनल प्रयोगशाळेत शेवटच्या टेबलाखाली सापडली. बाहेर ये म्हटलं तर येईना. साहेब खाली थांबले होते, हजेरी जुळत नव्हती, शीला मॅडम घड्याळ दाखवत होत्या, म्हणून तानाजी सरांनी तिचा पाय धरून ओढलं. ती त्यांच्या मनगटाला चावली.

आता संवेदनशील शाळेला एक प्रकरण हवंच होतं. ढालीच्या अर्जात ‘एक पूर्ण झालेलं वर्तुळ, इतिवृत्तासह’ जोडायचं होतं आणि सप्टेंबरअखेर मुदत होती. शीला मॅडमनी रचना मॅडमचा तक्ता समोर घेतला. इजा कुणाला झाली? तानाजी सरांना. पुरावा? दातांच्या खुणा, धनुर्वाताच्या इंजेक्शनची चिठ्ठी. इजा कुणी केली? कु. सोनल, नववी ब. तक्ता भरला. सोनलला काय झालं, त्यासाठी तक्त्यात रकाना होता. पण एका प्रकरणात इजा झालेला एकच असतो, नाहीतर फाईल गुंतागुंतीची होते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

ठरलं असं: शनिवारी वर्तुळ. सोनल सरांची माफी मागेल, सर माफ करतील, काळुराम मोबाइलवर फोटो काढेल. आणि तिने आडमुठेपणा केलाच तर शाळा सोडल्याचा दाखला तयार असू द्या, शीला मॅडम परुळेकरांना म्हणाल्या, आणि वर्तणुकीपुढे ‘हिंसक’ असं लिहा.

परुळेकरांनी चष्मा काढून पुसला. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना दोन बोटं रुंद असतो आणि त्यात ‘चांगली’ हा एकच शब्द बसतो, अशी त्यांची समजूत होती. एकतीस वर्षांत हजारो दाखल्यांवर त्यांनी तोच लिहिला होता. वर्गाला आग लावणाऱ्याला लिहिला, पुढे नगरसेवक झालेल्याला लिहिला, ते दोघे एकच असताना सुद्धा लिहिला. तो शब्द काही प्रशंसा नव्हती. ती एक सभ्यता होती, घरी आलेल्याला पाणी विचारावं तशी. ‘हिंसक’ असं लिहिलेला दाखला घेऊन गेलेल्या पोरीला डोंबिवलीतच काय, कल्याणपासून ठाण्यापर्यंत कुठली शाळा दहावीसाठी घेणार होती?

त्यांनी दाखला लिहिला. नोकरी होती, चौदा महिने राहिले होते, आणि निवृत्तीचा प्रस्ताव मॅडमच्या सहीने जायचा होता. फक्त तो लिहिताना त्यांना स्वतःच्या अक्षराची प्रथमच किळस आली.

शुक्रवारी सोनलची आई आली. वागळे इस्टेटमध्ये एका पॅकिंग युनिटला कामाला, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली, ओळखपत्र गळ्यातच. शीला मॅडमनी तिला समजावलं की घाबरायचं कारण नाही, वर्तुळात कुणी आरोपी नसतो, सगळे समान असतात.

“सॉरी कुणी म्हणायचं ते ठरलंय का?” आईने विचारलं.

ते वर्तुळात आपोआप समोर येईल, असं मॅडम म्हणाल्या.

“मग दाखला आधीच कसा लिहून ठेवला?” परुळेकरांच्या टेबलाकडे बोट न करता, नुसती नजर टाकून ती म्हणाली. “येताना दिसला मला. नाव माझ्या पोरीचं आहे त्याच्यावर.”

मॅडम म्हणाल्या, तो ऑफिसचा भाग आहे. परुळेकरांनी दाखल्यावर पेपरवेट ठेवला, जणू पेपरवेटने शब्द झाकला जातो.

ती गेल्यावर त्यांनी जानव्याची किल्ली काढली आणि तीन नंबरचं कपाट उघडलं. नववी ब, अर्ज क्रमांक सातशे चार. अनुक्रमांक घालताना त्यांनी फक्त वरचा उजवा कोपरा पाहिला होता. आता खाली पाहिलं. बहुतेक प्रश्नांना सोनलने ‘नाही’ लिहिलं होतं. सतराव्या प्रश्नापुढे, ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ याच्यापुढे, तिने लिहिलं होतं: ‘मोठ्या आवाजाची. पण आवाजाची कमी. आवाज झाल्यावर सगळे एकदम गप्प होतात त्याची जास्त.’ तारीख होती आठ जुलै. तालीम होती एकवीस ऑगस्टला. मधले सहा आठवडे हे वाक्य परुळेकरांच्या कमरेला लटकत होतं.

परुळेकरांनी अर्ज गठ्ठ्यात परत घातला आणि कपाटाला कुलूप लावलं. मग चहा आला, तो त्यांनी घेतला. ते तसे नियमित माणूस होते.

शनिवारी सभागृहात खुर्च्या गोल मांडल्या. वर्तुळाला टोक नसतं, असं रचना मॅडमनी सांगून ठेवलं होतं. पण शेठच्या खुर्चीला हात होते आणि पाठीवर टर्किश टॉवेल होता, त्यामुळे टोक कुठे आहे ते कळायला अडचण आली नाही. सहा खुर्च्या: शेठ, शीला मॅडम, रचना मॅडम, तानाजी सर, सोनल, तिची आई. परुळेकरांचं टेबल बाजूला. इतिवृत्त लिहिणारा वर्तुळात नसतो. काळुरामने रिवाजाप्रमाणे सभा सुरू होण्याआधीच वही फिरवून सहाही सह्या घेतल्या. सोनलच्या आईने कोरं पान बघून विचारलं, हे काय, यात तर काही लिहिलेलंच नाही. काळुराम म्हणाला, ताई, ही फक्त हजेरी. तिने परुळेकरांकडे पाहिलं. परुळेकरांनी पेनाचं टोपण काढलं. तिने सही केली.

आधी दीपप्रज्वलन झालं. मग रचना मॅडमनी सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. शेठनी श्वास घेतला तो घोरण्यापर्यंत नेला. मग बॅटन शीला मॅडमच्या हाती गेली आणि त्या पंधरा मिनिटं बोलल्या. शाळेचा इतिहास, संस्थेचे संस्कार, शिक्षकाचं मातृहृदय, आणि चावा हा शब्द न उच्चारता ‘तो दुर्दैवी क्षण’. बॅटन शेठकडे गेली.

“हे बघ बाय,” शेठ मायेने म्हणाले, “मोठ्या माणसाला चावायचा नसता. सॉरी बोल नि विषय संपव. मला साखरपुड्याला जायचाय पलावाला.”

बॅटन सोनलकडे आली. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सोनलने ती दोन्ही हातांत धरली, मांडीवर ठेवली, आणि गप्प बसली.

पहिली पाच मिनिटं रचना मॅडम प्रसन्न होत्या. शांततेला जागा द्यायची असते, हे त्यांनीच शिकवलं होतं. पण प्रशिक्षणातली शांतता तीन मिनिटांची असे. आठव्या मिनिटाला त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून शिळं झालं. शीला मॅडमनी घसा खाकरला. बोलायची सोय नव्हती. बॅटन पोरीच्या हातात होती आणि नियम स्वतः मॅडमनी फळ्यावर लिहिला होता, सुविचाराच्या जागी. त्यांनी चिठ्ठीवर ‘बोल’ असं लिहून काळुरामकरवी पाठवलं. सोनलने चिठ्ठी वाचली, घडी घातली, बॅटनखाली ठेवली. शेठचा मोबाइल वाजला, आरती लावलेली. त्यांनी तो काढून ‘हॅलो’मधला ‘ह’ म्हटला आणि रचना मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. तीन माणसं जमली की भाषण करणारा तो गृहस्थ, त्याने आयुष्यात प्रथमच फोन कापला. आरती पुन्हा वाजली, पुन्हा कापली. साखरपुडा पुढे सरकत होता.

पंख्याची करकर ऐकू येत होती. खाली पटांगणात पाचवीचा वर्ग पाढे म्हणत होता, तोही थांबला. परुळेकरांनी एकतीस वर्षं काल्पनिक सभांमध्ये शांतता राखली होती: ‘दोन मिनिटे शांतता पाळून श्रद्धांजली वाहण्यात आली.’ खरी शांतता एवढी मोठी असते याचा त्यांना अंदाज नव्हता. सगळे एकदम गप्प झाले होते, आणि त्या गप्पपणाचं एक टोक यावेळी पोरीच्या हातात होतं. ती घाबरलेली दिसत नव्हती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, सावकाश, परीक्षेत पेपर आधी वाचून घ्यावा तशी. कुणालाही तिची नजर फार वेळ झेपली नाही. रचना मॅडम शेवटी आपल्या नखांकडे बघायला लागल्या.

अकरा बावन्नला सोनल उठली, तानाजी सरांपुढे गेली, त्यांच्या मनगटावरच्या फिकट खुणेकडे तिने पाहिलं, आणि बॅटन त्यांच्या हातात दिली. शर्यतीत देतात तशी, तळव्यात दाबून.

तानाजी सरांनी बॅटनकडे असं पाहिलं, जणू ती आता फुटणार आहे.

“हिचे वडील गेले तेव्हा मी मयतीला गेलेलो,” ते म्हणाले. “पेटी उघडली नव्हती. का उघडली नाही ते मला माहीत होतं. तरी वात मीच लावली. नोटीस होती म्हणून लावली. मग हिचा पाय धरून ओढली, जनावर ओढतात तशी. चावली ते बरं केलं. मी असतो तर दोनदा चावलो असतो.” ते थांबले. “सोनल, माझं चुकलं. सॉरी त्याला पुरत नाही, पण सॉरी.”

शीला मॅडमनी दोन्ही हातांनी नकाराच्या खुणा केल्या. सरांनी त्या पाहिल्या नाहीत. त्यांनी बॅटन सोनलच्या आईकडे दिली.

“हिला शाळा बदलायची नाही,” आई म्हणाली. “मैत्रिणी इथंच आहेत हिच्या. दाखला नको आम्हाला. बास.”

तिने बॅटन शेठच्या हातात ठेवली. शेठचं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. हातात काहीतरी आलं आणि समोरची बाई बोलायची थांबली, एवढं त्यांना कळलं, आणि अशा वेळी काय म्हणायचं हे तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या जिभेला ठाऊक होतं.

“मंजूर,” ते उठत म्हणाले. “सर्वानुमते. परुळेकर, लिवून टाका. चला, येतू मी.”

पुढे वडे आले. सगळ्यांनी खाल्ले.

दुपारी शीला मॅडमनी परुळेकरांना इतिवृत्ताचा मसुदा तोंडी सांगितला. कु. सोनल हिने साश्रू नयनांनी क्षमा मागितली. श्री. तानाजी यांनी उदार अंतःकरणाने क्षमा केली. उपस्थितांचे डोळे पाणावले. आणि सोमवारी दाखला द्या, तिने शेवटपर्यंत माफी मागितली नाही.

परुळेकरांनी नम्रपणे विचारलं, की मागितली की नाही मागितली?

“फाईलसाठी मागितली,” मॅडम म्हणाल्या. “दाखल्यासाठी नाही मागितली. तुम्हाला आता हे पण शिकवायचं का?”

परुळेकर आपल्या टेबलाशी गेले. वही उघडली. पानाच्या तळाशी सहा सह्या होत्या: शेठची लफ्फेदार, मॅडमची टोकदार, रचना मॅडमची इंग्रजी, सोनलची शाळकरी अक्षरातली. वर भरपूर जागा होती. एकतीस वर्षं त्यांनी अशाच जागेत हवी ती माणसं बसवली होती. आज ती जागा त्यांना पोरीच्या मांडीवरच्या बॅटनसारखी दिसली. जोवर आपल्या हातात आहे, तोवर दुसरा कुणी बोलू शकत नाही.

त्यांनी लिहिलं. बारीक अक्षरात, जसं झालं तसं. ‘कु. सोनल यांनी ११.१० ते ११.५२ या वेळेत काहीही न बोलता बॅटन धारण केली.’ ‘श्री. तानाजी यांनी स्फोट आपण घडवल्याचे व विद्यार्थिनीस पाय धरून ओढल्याचे सांगून तिची क्षमा मागितली.’ ‘सदर स्फोट मुख्याध्यापिकांच्या आदेशाने काढलेल्या नोटिशीनुसार झाला. नोटिशीतील “वास्तववादी” हा शब्द लेखनिकाचा.’ ‘विद्यार्थिनीने आपल्या भीतीची लेखी कल्पना शाळेला आठ जुलै रोजी दिली होती. सदर कागद तालमीच्या दिवशी कपाट क्रमांक तीनमध्ये कुलूपबंद होता. किल्ली लेखनिकाकडे होती.’ ती भीती कशाची, ते त्यांनी लिहिलं नाही. ते तिचं होतं. आणि शेवटी: ‘ठराव: कु. सोनल हिस शाळेतून काढण्यात येऊ नये. अध्यक्षांनी मंजूर म्हणून जाहीर केले. सर्वानुमते.’ शेवटची ओळ शेठच्या सहीला जेमतेम चिकटली. आयुष्यात जागेचा अंदाज त्यांचा कधी चुकला नव्हता.

मॅडमनी फाईल पाहिली ती अशी: जाडी पाहिली, वरचं कव्हर पाहिलं, फोटो पाहिले. काळुराम ती घेऊन ठाण्याला गेला. दाखल्याच्या पानावर परुळेकरांनी ‘रद्द’चा शिक्का मारला आणि कारण लिहिलं, ठराव पाहावा. मॅडमनी सोमवारी दाखल्याबद्दल विचारलं, तेव्हा दाखल्यांचं पुस्तक तपासणीला गेल्याचं त्यांनी सांगितलं. खोटं बोलायचं त्यांनी काही एका दिवसात सोडलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी ठाण्याहून पत्र आलं. ढाल मिळाली होती. निवड समितीने लिहिलं होतं की इतर शाळांच्या वर्तुळांत मुलंच माफी मागतात. स्वतःच्या मुख्याध्यापिकेची चूक, स्वतःच्या अध्यक्षांच्या सहीनिशी कबूल करणारी ही एकमेव शाळा. सोबत इतिवृत्ताची छायाप्रत होती, ओळी अधोरेखित करून.

शीला मॅडमनी ती दोनदा वाचली आणि परुळेकरांना बोलावलं. आवाज इतका खाली होता, की काळुराम पाण्याचा ग्लास ठेवून पळाला.

“हे मी वाचलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“एकतीस वर्षांत कुणीच वाचलं नाही, मॅडम.”

“तुमचा निवृत्तीचा प्रस्ताव माझ्याच टेबलावरून जातो, परुळेकर.”

“हो. त्यावर सहीसुद्धा आपण न वाचताच कराल.”

यावर काय झालं असतं सांगता येत नाही. पण तेवढ्यात शेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊन आत आले. कोपऱ्यातली फट भरली होती. त्यांनी छायाप्रत डोळ्यांसमोर धरली, लांबून धरली, आणि विचारलं, हे सगळं कबूल करायची आयडिया कुणाची? खोलीत शांतता पसरली. ती चार सेकंद टिकली, कारण शीला मॅडमना सोनलइतका सराव नव्हता.

“माझी,” त्या म्हणाल्या, आणि पेढा घेतला.

त्या दिवसापासून मॅडम न मागितलेल्या माफीवर व्याख्यानं द्यायला लागल्या. कल्याणला दिलं, बदलापूरला दिलं. रचना मॅडमनी त्याला शाळा-पातळीवरची जबाबदारी असं नाव दिलं आणि आपल्या पत्रकात छापलं. ढालीच्या समारंभात दाखवायला एक छोटी फिल्म हवी होती. पण मॅडमनी माफी प्रत्यक्षात मागितलीच नसल्यामुळे तिचं चित्रीकरण नव्हतं, आणि ती आता मागून घेणं आलं. दुसरं वर्तुळ ठरलं. काळुराम सकाळीच सह्या घेऊन आला.

पुन्हा तेच सभागृह, तोच टॉवेल. यावेळी कॅमेरावाला होता, त्याने शीला मॅडमच्या तोंडावर दिवा सोडला. विषय पहिला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. परुळेकरांनी उभं राहून ते वाचलं, सगळं, कपाटाच्या किल्लीसकट, एकसुरी आवाजात. कुणी हरकत घेतली नाही. कायम झालं.

मग मॅडमनी पदर सारखा केला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि “सोनल बेटा, आज मी...” म्हणाल्या. कॅमेरावाला म्हणाला, थांबा, हातात ते लाल काय ते घ्या, नाहीतर गोष्ट कळणार नाही. बॅटन मॅडमकडे आली. त्याने दोनदा ती घ्यायला लावली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, असं करा, आधी मुलीच्या हातात द्या, ती तुम्हाला देईल, त्यात भाव येतो.

बॅटन सोनलच्या हातात गेली. सगळे थांबले. तिने मॅडमकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं.

“माझा भूगोलाचा पेपर आहे,” ती म्हणाली. दप्तराची चेन उघडली, बॅटन कंपासपेटीशेजारी सरकवली, चेन लावली, आणि निघून गेली. जिन्यावर तिची मैत्रीण थांबली होती. दोघींच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

वर्तुळात पाच माणसं राहिली. नियमाप्रमाणे त्यांच्यातल्या कुणालाच बोलता येत नव्हतं. तानाजी सरांनी खाली बघून मिशी सारखी केली. शेठनी घड्याळ पाहिलं आणि मंजूर म्हणायला तोंड उघडलं, पण मंजूर काय करायचं ते त्यांना सुचलं नाही.

परुळेकरांनी टोपण काढलं. सह्यांच्या वर अख्खं पान मोकळं होतं. त्यांनी पहिल्याच ओळीवर लिहिलं: ‘बॅटन उपलब्ध नसल्याने सभा तहकूब.’ डेडस्टॉक रजिस्टर उघडून बॅटनपुढे शेरा घातला, ‘कु. सोनल, नववी ब, यांच्या ताब्यात.’ मग वहीकडे परत आले, पट्टी घेतली, आणि उरलेल्या मोकळ्या जागेवर, त्या ओळीपासून पहिल्या सहीपर्यंत, एक तिरकी रेघ मारली, म्हणजे पुढे तिथे कुणाला काही लिहिता येऊ नये.